छोट्या एसयूव्हीसाठी ऑल-टेरेन टायर: निवडायचे कसे, टिकवायचे कसे

डांबर संपतं तिथून आमच्या वाडीपर्यंत दीड किलोमीटर. वर्षातले आठ महिने हा तुकडा म्हणजे तांबडी धूळ आणि मध्येमध्ये डोकं वर काढलेला कातळ, उरलेले चार महिने नुसता चिखल. तीन वर्षांपूर्वी गणपतीला जाताना समोरून टेम्पो आला, मी गाडी डावीकडे घेतली आणि गडग्यातून निखळून पडलेल्या एका चिऱ्याची कड पुढच्या टायरला बाजूनं लागली. आवाज फार मोठा झाला नाही. उतरून पाहिलं तर बोटभर लांब काप होता आणि आतले दोरे दिसत होते. पंक्चरवाल्यानं टायर हातात घेतला, काप अंगठ्यानं उघडून बघितला आणि खाली ठेवला. "बाजूनं कापलाय, ह्याला काय करता येत नाय." त्या टायरची नक्षी अजून निम्म्याहून जास्त शिल्लक होती.

त्या दिवसापासून मी "टिकाऊ टायर" या शब्दाकडे वेगळ्या नजरेनं बघतो. शहरात टायर किती हजार किलोमीटर चालला यावरून टिकाऊपणा ठरतो. खडी आणि कातळावर मात्र बहुतेक टायर झिजायच्या आधीच जातात. कुठे बाजूला कट लागतो, कुठे खड्ड्यात आपटून फुगा येतो, कुठे नक्षीचे तुकडे उडतात. त्यामुळे ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठी बनलेला, टायर घेताना नक्षी किती रांगडी दिसते हे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी काय बघायचं ते इथे क्रमानं सांगतो. ब्रेझा, नेक्सॉन, सोनेट, व्हेन्यू यांसारखी पुढच्या चाकांवर चालणारी छोटी एसयूव्ही किंवा जिम्नीसारखी छोटी फोर-बाय-फोर ज्यांच्याकडे आहे आणि पहिल्यांदाच कंपनीचे टायर बदलायला निघालेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

पहिली पायरी: आपला रस्ता ओळखा

दुकानात जायच्या आधी महिनाभर गाडी कुठे कुठे जाते ते वहीत मांडा. ऑफिस, बाजार, महामार्ग, गावचा रस्ता, शेताची पाणंद, प्रत्येकाचे किलोमीटर वेगळे लिहा. अंदाज आणि वही यांत फरक पडतो. आपल्या आठवणीत गावचा रस्ताच मोठा वाटतो, पण आकडे मांडले की कळतं, गाडी नव्वद टक्के डांबरावर आणि सिमेंटवरच चालली. तसं असेल तर ऑल-टेरेन घेऊ नका असं मी म्हणणार नाही. ते उरलेले दहा टक्केच टायर खाऊन टाकणारे असू शकतात. पण मग निवड सौम्य नक्षीच्या ऑल-टेरेनची करायची, हे इथेच ठरून जातं.

रस्ता कच्चा आहे एवढं म्हणून भागत नाही. कशाचा कच्चा, हे महत्त्वाचं.

मुरमाचा रस्ता टायरला सगळ्यात मवाळ. तिथे कंपनीचा साधा टायरही वर्षानुवर्षं चालतो, फक्त हवा नीट हवी.

खडीचा रस्ता वेगळा. घाटमाथ्यावर आणि देशावर मिळणारी खडी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची असते. क्रशरमधून नुकती आलेली खडी रस्त्याच्या कामासाठी पसरलेली असेल तर तिच्या कडा सुरीसारख्या असतात. ती रबराचे छोटे छोटे लचके तोडते आणि नक्षीच्या खाचांत अडकून बसते. अशा खड्याला वजनाखाली आत रेटायला वाव मिळाला की तो हळूहळू नक्षीखालच्या पोलादी पट्ट्यापर्यंत पोचतो. ऑल-टेरेन टायरचा खरा फायदा इथे दिसतो, कारण त्याचं रबर कट न लागू देणारं असतं आणि बऱ्याच टायरांच्या खाचांच्या तळाशी खडा बाहेर ढकलणारे छोटे उंचवटे असतात.

कोकणातला जांभा खाणीत मऊ असतो, हवेवर आला की टणक होतो. उन्हाळ्यात त्याचे उघडे पडलेले काठ टायरच्या बाजूला घासतात. पावसात त्यावर शेवाळ धरतं आणि ओल्या शेवाळावर कुठलाही टायर घसरतो, मग तो कितीही महागाचा असो. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, गाडी घालणाऱ्यांनी हे मनात पक्कं धरावं.

काळी माती हा तर स्वतंत्र विषय. मराठवाडा, विदर्भ, सोलापूरकडची काळी माती पाणी प्यायली की फुगते, आणि तिचा चिकटपणा ज्यानं अनवाणी अनुभवलाय त्याला सांगायला नको. पाऊस पडून गेलेल्या पाणंदीत ऑल-टेरेन टायरच्या खाचा दहा-वीस फेऱ्यांतच भरून जातात आणि टायर गुळगुळीत रोळासारखा फिरत राहतो. त्यातून ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या चाकोऱ्या इतक्या खोल पडलेल्या असतात की छोट्या एसयूव्हीचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकतं. तिथे चाकं हवेत फिरतात आणि टायरचा प्रश्नच उरत नाही. काळ्या रानात पावसाळ्यात रोज जावं लागत असेल तर टायर बदलण्यापेक्षा गाडी डांबरावर लावून पुढे चालत जाणं किंवा ट्रॅक्टरवर बसणं हाच व्यवहार आहे.

आणि शेवटचा रस्ता, ज्याला कुणी "कच्चा" म्हणत नाही: पावसातला डांबरी घाट. ताम्हिणी, आंबोली, वरंधा, कुंभार्ली यांपैकी कुठलाही घ्या. धुकं, वळण, अंगावर येणारी बस, रस्त्यावरून वाहणारं पाणी. ऑल-टेरेन टायर घेताना मला सगळ्यात जास्त काळजी इथली वाटते. कट न लागणारं रबर साधारणपणे कडक असतं, आणि मोठे ठोकळे असलेल्या नक्षीत ओल्या डांबराला धरून ठेवणाऱ्या बारीक चिरा कमी असतात. म्हणून बरेचसे रांगडे टायर ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर कंपनीच्या टायरपेक्षा उशिरा थांबतात. गावच्या दीड किलोमीटरसाठी घाटातली पकड गमावायची नाही, ही माझी निवडीची पहिली अट आहे. पुढचं सगळं या अटीवर बेतलेलं आहे.

दुसरी पायरी: जात ठरवा

टायरांच्या ढोबळ तीन जाती आहेत. एच/टी म्हणजे हायवे टेरेन. छोट्या एसयूव्हींना कारखान्यातून हेच किंवा याहून मऊ, साध्या कारचे टायर येतात. एम/टी म्हणजे मड टेरेन. त्याचे ठोकळे मोठे, मधल्या खाचा रुंद, डांबरावर घोंगावणारा आवाज, आणि ओल्या डांबरावर पकड कमी. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या एसयूव्हीला एम/टी लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिची ताकद, वजन आणि ब्रेक त्यासाठी बनलेले नाहीत.

मधली जात ए/टी, म्हणजे ऑल-टेरेन. पण या एका नावाखाली बरंच काही विकलं जातं. काही ए/टी जवळजवळ हायवे टायरच असतात, फक्त खांद्याला, म्हणजे वरचा भाग आणि बाजू मिळतात त्या कडेला, थोडी नक्षी. काही जवळजवळ मड टायर असतात. दोन टायर शेजारी ठेवून बघितलं की फरक लगेच कळतो. नक्षीचे ठोकळे जवळजवळ आहेत, प्रत्येक ठोकळ्यावर नागमोडी बारीक चिरा आहेत, मधोमध जवळपास सलग पट्टा आहे, तर तो टायर डांबराकडे झुकलेला. ठोकळे सुटे सुटे, मधे अंगठा मावेल एवढी जागा, चिरा नावाला, तर तो मातीकडे झुकलेला. आपल्या वहीतल्या आकड्यांना पहिला जुळतो.

आणखी एक गैरसमज आत्ताच दूर करतो. ए/टी टायर लावल्यानं टू-व्हील ड्राइव्ह गाडी फोर-व्हील ड्राइव्ह होत नाही. चढावर ओल्या गवतावर पुढची चाकं फिरायला लागली की मागची चाकं मदतीला येणार नाहीत, टायर कुठलाही असो. टायर बदलल्याच्या आत्मविश्वासात आधी जिथे गाडी घालत नव्हतो तिथे घातली, तर अडकण्याची पाळी आधीपेक्षा लवकर येते.

तिसरी पायरी: टायरवरचे आकडे वाचायला शिका

आपल्या गाडीच्या टायरवर समजा २१५/६० आर१६ ९५एच लिहिलंय. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे बाजूची उंची, रुंदीच्या ६० टक्के. इथे १२९ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, १६ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ९५ हा भाराचा क्रमांक. त्याचा अर्थ हा एक टायर ६९० किलो पेलू शकतो. एच हे वेगाचं अक्षर, ताशी २१० किलोमीटरपर्यंत.

भाराचा क्रमांक मूळ टायरपेक्षा कमी कधीच घ्यायचा नाही. त्यात तडजोड नाही. वेगाचं अक्षर ए/टी टायरात बऱ्याचदा खाली येतं. टी म्हणजे १९०, एस म्हणजे १८०, क्यू म्हणजे १६०. आपण इतक्या वेगानं जात नाही हे खरं, पण हे अक्षर टायर उष्णता किती सोसतो याबद्दलही सांगत असतं, आणि मे महिन्यात भरल्या गाडीनं सोलापूरच्या रस्त्यावर त्याला अर्थ आहे. मूळ अक्षरच मिळालं तर उत्तम. खाली उतरावंच लागलं तर गाडीच्या पुस्तिकेत काय म्हटलंय ते बघूनच.

आकड्यांशेजारी कुठे एक्सएल लिहिलेलं दिसलं तर मला आनंद होतो. एक्सएल म्हणजे त्याच मापात जास्त मजबूत सांगाडा. २१५/६० आर१६ मध्ये एक्सएल टायरचा भार क्रमांक ९९, म्हणजे ७७५ किलोपर्यंत जातो. छोट्या एसयूव्हीला खड्ड्यांचा मार खायचा असेल तर हा मधला मार्ग चांगला. याउलट मापाच्या आधी एलटी ही अक्षरं असतील तर तो हलक्या ट्रकांसाठी बनलेला टायर आहे. मजबूत असतो, पण जड आणि ताठ. हजार-बाराशे किलोच्या गाडीला तो लावला की प्रत्येक खड्डा पाठीच्या मणक्यात जाणवतो.

एम+एस हे चिन्ह चिखल आणि बर्फासाठी असतं, पण ते कंपनी स्वतःच्या नक्षीवरून स्वतःच देते. डोंगराच्या तीन शिखरांत बर्फाचं फूल असलेलं चिन्ह मात्र बर्फावरच्या चाचणीनंतर मिळतं. आपल्याकडे त्याचा उपयोग स्पिती किंवा लडाखसारख्या बर्फाच्या ठिकाणी जाणाऱ्यांनाच.

बाजूवरची बारीक अक्षरं सहसा कुणी वाचत नाही, मी मुद्दाम वाचतो. बऱ्याच टायरांवर तिथे नक्षीखाली किती थर आणि बाजूला किती थर आहेत ते लिहिलेलं असतं: पॉलिएस्टरचे इतके, पोलादाचे इतके, नायलॉनचा एक. छोट्या गाड्यांच्या मूळ टायरांना बाजूला बहुधा एकच पॉलिएस्टरचा थर असतो. ज्या ए/टीला बाजूला दोन आहेत, त्यानं माझ्या त्या चिऱ्याची कड कदाचित सोसली असती. बीएफगुडरिचच्या केओ२ मालिकेचं नाव झालं ते तिच्या तीन थरांच्या बाजूमुळे. पण ते टायर बहुतांशी मोठ्या, जड गाड्यांच्या दुनियेतले आहेत.

चौथी पायरी: माप वाढवायचं का?

छोटी गाडी, मोठं चाक, देखणी दिसते. मोह मलाही झाला होता. आता हिशोब मांडू.

२१५/६० आर१६ टायरचा पूर्ण व्यास सुमारे ६६४ मिलिमीटर. त्याच रिमवर २१५/६५ आर१६ लावला तर व्यास ६८६ होतो. फरक २२ मिलिमीटर, म्हणजे सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. गाडी जमिनीपासून उंचावते त्याच्या निम्मी: ११ मिलिमीटर, करंगळीच्या जाडीएवढी. बदल्यात स्पीडोमीटर त्याच वेगाला कमी आकडा दाखवायला लागतो. काटा १०० वर असतो तेव्हा गाडी आधीच्यापेक्षा ताशी तीन किलोमीटरनं जास्त पळत असते. ओडोमीटर किलोमीटर कमी मोजतो. पहिला गिअर घाटात थोडा जड वाटतो, ब्रेकला जास्त जड चाक थांबवावं लागतं. चार माणसं बसवून स्टीअरिंग पूर्ण वळवलं तर काही गाड्यांत टायर आतल्या प्लास्टिकला घासतो.

करंगळीएवढ्या उंचीसाठी हे सगळं घ्यायचं का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. उंच बाजूचा एक खरा फायदा आहे: खड्ड्यात रिम वाचतो. म्हणून तीन टक्क्यांपर्यंत वाढ मी मान्य करतो, त्याच्या पुढे नाही. जिम्नीचं मूळ माप १९५/८० आर१५, व्यास ६९३ मिलिमीटर. तिच्यात लोक २१५/७५ आर१५ लावतात, तो ७०३ पर्यंत जातो. दीड टक्का, ठीक आहे. पण २३५/७५ आर१५ लावला की फरक सहा टक्क्यांच्या जवळ पोचतो, आणि १.५ लिटरच्या इंजिनाला तो घाटात जाणवतो.

रुंदी वाढवण्यात तर मला काहीच अर्थ दिसत नाही. चिखलात अरुंद टायर वरचा गाळ कापून खालच्या टणक थराला लागतो, रुंद टायर वर तरंगत राहतो. जुन्या जिप्सी आणि जिपांची चाकं आठवून बघा, किती अरुंद असायची.

टायर गाडीच्या कडेबाहेर दिसायला लागला तर कायद्याचाही प्रश्न येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधनं आहेत, आणि अपघातानंतर विम्याचा माणूस आधी असल्याच गोष्टी बघतो. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ मापातच ए/टी शोधा.

पाचवी पायरी: दुकानात

आता नावं. अपोलो अप्टेरा, जेके टायर रेंजर, एमआरएफ वाँडरर, सिएटचे क्रॉसड्राइव्ह आणि झार, योकोहामा जिओलँडर. या मालिकांत ए/टी टायर मिळतात. पण मालिकेचं नाव सारखं असलं तरी प्रत्येक मापात ए/टी असतोच असं नाही. त्याच नावाखाली हायवे टायरही येतो. म्हणून दुकानदाराला नुसतं नाव सांगू नका. माप, भार क्रमांक आणि "ए/टी" तिन्ही सांगा. परदेशी व्हिडिओत बघून एखाद्या टायरवर जीव जडला असेल, तर तो आपल्या मापात मिळेलच असं धरू नका. जून २०२० पासून गाड्यांच्या नव्या टायरांच्या आयातीवर केंद्र सरकारनं निर्बंध घातले आणि तेव्हापासून बाहेरचे बरेच टायर दुर्मिळ झाले.

आयएसआय चिन्ह बघा. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरांना ते सक्तीचं आहे. चिन्ह नसेल तर टायर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. रिमोल्ड केलेला टायर "ऑफ-रोड नक्षीचा" म्हणून कुणी दाखवला तर तोही नको. वर नवी नक्षी असते, पण बाजू जुन्याच टायरची.

मग तारीख. बाजूवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ०८२५ म्हणजे २०२५ सालचा आठवा आठवडा. ही पूर्ण ओळ बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असते, दुसऱ्या बाजूला अर्धवट. मला एका दुकानात चार टायर दाखवले, तिघांची तारीख तीन महिन्यांची, चौथा उलटा ठेवलेला. पलटून बघितला तर दोन वर्षं जुना. दुकानदारानं वाद न घालता बदलून दिला, पण मी पलटला नसता तर तो माझ्या गाडीला लागलाच असता. चारही टायर स्वतः पलटून बघा, रिमवर चढायच्या आधी. सहा महिन्यांच्या आतला टायर चांगला, वर्षाच्या पुढचा असेल तर दुसरा मागा. ए/टीचा खप कमी असतो, त्यामुळे तो गोदामात पडून राहण्याची शक्यता साध्या टायरपेक्षा जास्त असते.

तारीख झाल्यावर हात लावा. बाजूला अंगठ्यानं दाबा; हायवे टायर आणि ए/टी यांतला ताठपणाचा फरक हाताला कळतो. खांद्यावरची नक्षी बाजूवर किती खाली उतरलीय ते बघा. तो उतरलेला भाग चाकोरीत आणि दगडाच्या कडेवर ढालीसारखा काम करतो. ठोकळ्यांवरच्या चिरा वरवरच्या आहेत की खोल, हे नख घालून बघा. वरवरच्या असतील तर वीस हजार किलोमीटरनंतर त्या नाहीशा होतील, आणि ओल्या घाटातली पकडही त्यांच्याबरोबर जाईल. जमलं तर टायर वजनकाट्यावर ठेवून मूळ टायरशी तुलना करा. प्रत्येक चाकाला वाढलेला किलो पिकअपमधून आणि मायलेजमधून वसूल होतो.

चारही टायर एकाच मालिकेचे घ्या. बजेटपायी पुढे दोन ए/टी आणि मागे जुने हायवे, असं करणारे भेटतात. ओल्या वळणावर पुढची आणि मागची पकड वेगळी असली की गाडीचा मागचा भाग सुटतो आणि सावरायला वेळ मिळत नाही. पैसे कमी असतील तर सहा महिने थांबा.

सहावी पायरी: बसवताना उभे राहा

चहाला जाऊ नका. नवे व्हॉल्व बसवायला सांगा. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्वसमोर आणायला सांगा. तिथे टायर सगळ्यात हलका असतो, त्यामुळे बॅलन्सिंगला वजनं कमी लागतात. एखाद्या चाकाला वजनांची रांगच लावावी लागत असेल, तर टायर रिमवर अर्धा फिरवून पुन्हा बसवायला सांगायला लाजू नका. नंतर अलाइनमेंट. नट गननं आवळले असले तरी शेवटी पान्यानं हातानं तपासून घ्या आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. पक्कं बिल घ्या, त्यावर टायरचे क्रमांक लिहून घ्या. वॉरंटीचा दावा करायचा झाला तर त्यांच्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पहिले तीनशे किलोमीटर जपून. साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा थर नव्या टायरवर असतो, तो जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर टायर बदलून त्याच संध्याकाळी घाट उतरायला निघू नका.

सातवी पायरी: हवा

गाडीच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरची हवा भरा. टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, भरायचा नसतो. सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजा, कारण चार-पाच किलोमीटर चाललं तरी आकडा वाढतो. पेट्रोल पंपावरच्या गेजवर विसंबू नका. स्वतःचं गेज घ्या, चारशे-पाचशे रुपयांत चांगलं मिळतं आणि टायरसाठी खर्च केलेल्या पैशांत सर्वांत सार्थकी लागलेला खर्च तोच.

खडबडीत, लांबलचक खडीवर किंवा सैल मातीत हवा पाचेक पौंड कमी केली की टायर खड्याला सामावून घेतो, कट कमी लागतात आणि गाडीही कमी आदळते. ३३ वरून २७-२८. वेग तीसच्या आत ठेवायचा. मात्र जिथे दगड बाजूला लागण्याची भीती आहे तिथे हवा कमी करू नका, कारण कमी हवेत बाजू बाहेर फुगते आणि नेमकी तीच दगडाला भेटते. माझ्या वाडीच्या रस्त्यावर मी म्हणूनच हवा उतरवत नाही. आणि उतरवली तर डांबरावर चढायच्या आधी भरायलाच हवी. बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर गाडीत नसेल तर हवा कमी करण्याच्या भानगडीत पडू नका.

ए/टी टायर लावले म्हणून समुद्राच्या वाळूत गाडी घालायची नाही. भरतीनं गिळलेल्या गाड्यांचे फोटो दर सुट्टीत येतात. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेणं बेकायदा आहे. आणि आपल्या वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. ती वाळूखाली असतात, वरून दिसत नाहीत.

आठवी पायरी: पाचवा टायर आणि पुढची वर्षं

बऱ्याच छोट्या एसयूव्हींची स्टेपनी मूळ टायरपेक्षा लहान असते, आणि काही गाड्यांत स्टेपनीच्या जागी पंक्चर किट येतं. २०२० पासून नियमांनी त्याला मुभा दिली आहे. किटमधलं द्रव्य खिळ्याचं भोक बुजवतं, बाजूचा काप नाही. कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्यानं पूर्ण मापाचा पाचवा टायर जागा असेल तर घ्यावाच. लहान स्टेपनीवर गाडी आणावी लागली आणि पंक्चर पुढे असेल, तर मागचं चांगलं चाक पुढे आणा आणि स्टेपनी मागे लावा. वेगळ्या व्यासाची चाकं ओढणाऱ्या चाकांत असली की त्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलवर ताण येतो. जिम्नीवाल्यांनी लहान-मोठी चाकं असताना फोर-व्हील ड्राइव्ह लावूच नये.

दर आठ ते दहा हजार किलोमीटरला चाकं फिरवून घ्या: पुढची सरळ मागे, मागची तिरकी पुढे. ए/टीमध्ये हे टाळलं तर ठोकळ्यांची एक कड खाली बसते आणि मग जो हूं-हूं आवाज सुरू होतो तो टायर संपेपर्यंत जात नाही. गावाहून परतल्यावर स्क्रूड्रायव्हरनं खाचांतले खडे काढा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते करताना टायर नीट बघितला जातो. कुठे लचका तुटलाय, कुठे फुगा येतोय, ते तेव्हाच दिसतं. फुगा दिसला तर टायर त्याच दिवशी उतरवा. आतले दोरे तुटलेले असतात.

खिळ्याचं पंक्चर नक्षीच्या मधल्या भागात असेल तर बाहेरून रबरी दोरी खुपसण्यापेक्षा आतून मशरूम पॅच, म्हणजे दांडी असलेलं छत्रीसारखं ठिगळ, बसवून घ्या. टायर उतरवावा लागतो, पैसे जास्त लागतात, पण पॅच वर्षानुवर्षं टिकतो.

नक्षीच्या खाचांत छोटे आडवे उंचवटे असतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर. नक्षी झिजून तिथवर आली की कायद्यानं टायर संपला. मी तितकी वाट बघत नाही. दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात खोलीमापक घेऊन चारही टायर मोजतो, प्रत्येक टायर तीन ठिकाणी: आतली कड, मध्य, बाहेरची कड. तीन मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर पाऊस सुरू व्हायच्या आधी बदलतो. पाच वर्षं झाल्यावर नक्षी कितीही असली तरी बाजूच्या बारीक भेगा बघायला सुरुवात करतो. आतल्या कडेचा आकडा बाहेरच्यापेक्षा कमी आला तर टायरला दोष देण्याआधी अलाइनमेंटला जातो.